पायाच्या फुगलेल्या शिरा : जखम होण्याआधी इलाज करा



हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की वसमत, औंढा, कळमनुरीकडे एक तक्रार हमखास कानी येते. दिवसभर कुकरपाशी उभे राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, घोटे सुजतात. पोटरीवर पाहावे तर निळसर, वेड्यावाकड्या, दोरीच्या गुंत्यासारख्या शिरा वर आलेल्या असतात. 'शिरा ताठल्यात, बसतील आपोआप' म्हणून माणूस पुन्हा कामाला लागतो. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मी शेतीखात्याचा माणूस, औषध देणे माझे काम नव्हे. पण पायच धड नसतील तर खताच्या सल्ल्याचा उपयोग काय?

हे दुखणे विहिरीवरच्या मोटारीवरून चटकन समजते. फूटव्हॉल्व्ह चांगला असेल तर मोटार बंद केली तरी पाइपात पाणी उभे राहते. तो गळू लागला की पाणी परत विहिरीत उतरते. पायातले रक्त खालून वर हृदयाकडे चढते. त्या शिरांतही ठिकठिकाणी अशाच, फक्त वरच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, रक्त वर जाते आणि झडप मिटते. एका जागी तासन् तास उभे राहिले की हा पंप बंद पडतो आणि सगळा भार घोट्यावर येतो. झडपा सैल पडल्या तर रक्त खाली साचते आणि कातडीलगतच्या शिरा फुगत जातात. उभे काम हे एकच कारण नाही बरं का. आईवडिलांना असेल तर मुलांना होण्याचा संभव जास्त. वय, वाढलेले वजन आणि बाळंतपणे हीही कारणे आहेत. गरोदरपणात दिसलेल्या शिरा पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत ओसरतात, तेव्हा त्यांच्या ऑपरेशनची घाई नको.

पुष्कळांच्या शिरा नुसत्या दिसतात, त्रास होत नाही. त्यांनी घाबरू नये. परंतु घोट्याच्या वर कातडी काळपट पडून खाज सुटू लागली, कातडी टणक झाली, तर समजावे की आत दाब वाढला आहे. अशा जागी धसकटाचा ओरखडा निमित्त होतो आणि जखम महिनोन् महिने भरत नाही. आपल्याकडे त्यात हळद भरतात, कोणी झाडपाला बांधतात, कोणी डागणीही देतात. हळद आपल्या जिल्ह्याचे नगदी पीक, तिच्याविषयी वाईट कोण बोलेल! पण ही जखम वरच्या औषधावाचून अडलेली नसते, आतल्या दाबाने अडलेली असते. गळणारा व्हॉल्व्ह तसाच ठेवून वाफ्याला माती लावत बसल्यासारखे ते होते. २०१८ साली इंग्लंडमध्ये अशा जखमांच्या ४५० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दाबाची पट्टी सर्वांनाच बांधली होती. ज्यांची गळकी शीर लवकर बंद केली त्यांतल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली. ज्यांचे हे काम लांबवले त्यांना ८२ दिवस लागले. म्हणून शिरा नुसत्या ठणकत असतील तर सुगी उरकून डॉक्टरकडे जा, पण जखम असेल तर सुगीची वाट पाहू नका.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे. उभ्या कामात मधूनमधून चार पावले चाला, टाचा उचला. आखाड्यावर विसावा घेताना पाय गोणीवर उंच ठेवा, रात्रीही पायाखाली उशी घ्या. दाबाचे लवचिक मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी घालायचे, रात्री काढायचे. मराठवाड्याच्या उन्हात ते नकोसे होतात हे खरे, पण सूज त्यांनीच आवरते. हे मोजे मनाने घेऊ नयेत. मधुमेही, विडी ओढणारे यांच्या पायाला रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद असल्या तर आवळल्याने अपाय होतो. मोजे त्रास कमी करतात. गळकी झडप मात्र दुरुस्त करीत नाहीत.

पक्का इलाज म्हणजे ती शीर बंद करणे. त्याआधी डॉपलर सोनोग्राफी हवीच. कोणती झडप गळते आणि आतल्या शिरा मोकळ्या आहेत का, हे तिच्यात दिसते. बारीक शिरांत इंजेक्शन देऊन त्या चिकटवतात. मोठ्या शिरेत सुईवाटे बारीक तार घालून लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करतात. जागा बधिर करून हे काम होते आणि माणूस बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. जांघेत छेद घेऊन शीर बांधून काढण्याची जुनी शस्त्रक्रियाही आहे. पुढे दुसऱ्या शिरा फुगू शकतात, हे आधीच जाणून असावे.

'शीर बंद केली तर पाय वाळेल' ही भीती अनेकांना वाटते. पायातले सुमारे नऊ दशांश रक्त आतल्या मोठ्या शिरांतून वर जाते. पूर्णा कालव्याची एखादी फुटकी चारी बंद केली म्हणून कालवा आटत नाही, तसेच हे.

तपासणीसाठी आधी हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जावे. ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे आरोग्यमित्राला विचारावे आणि रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्यावे.

दोन प्रसंगी मात्र थांबू नये. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम होऊन दुखू लागली, तर आत रक्ताची गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागला किंवा छातीत दुखले तर १०८ ला फोन करावा. दुसरा प्रसंग फुगलेली शीर फुटण्याचा. रक्त धारेने येते आणि उभे राहिले तर थांबत नाही, जीवही जाऊ शकतो. माणसाला लगेच आडवे निजवा, पाय उंच धरा आणि स्वच्छ फडके जखमेवरच घट्ट दाबून ठेवा. सारखे उचलून पाहू नका. मांडीला दोरी आवळू नका, त्याने रक्त आणखी येते. रक्त थांबल्यावरही फडके तसेच बांधून, पाय उंच ठेवूनच दवाखान्यात न्या.