मूल सहावीत गेलं? शाळेतली माणसं, नियम आणि आरोग्याबद्दल पालकांनी या गोष्टी विचारायलाच हव्यात

शाळा सुरू होऊन आठवडा झाला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज यायला लागतात. "यंदा गणिताला कोण आहे?" "त्या निळ्या गोळीसाठी हो म्हणायचं का?" "सहावीत नापास करतात का हो आता?" एका प्रश्नाला चार उत्तरं येतात आणि चारही वेगळी असतात. शाळेला विचारायचं मात्र राहून जातं.

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कायद्यात, शासन निर्णयांत किंवा सरकारी आरोग्य कार्यक्रमांत आहेत. पण अनेक पालकांना वाटतं की शाळा देईल ते आपण घ्यायचं, फार विचारलं तर मुलावर राग निघेल. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच गोष्टी शाळेवर बंधनकारक आहेत. त्या कोणत्या आणि त्याबद्दल कुणाला विचारायचं, ते समजून घेऊ.

सहावीत नेमकं काय बदलतं?

शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा धरला आहे.

या टप्प्यावर अनेक मुलांची शाळाच बदलते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीपर्यंतच असते आणि पुढे शेजारच्या गावातल्या हायस्कुलात जावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी.

वर्गातही फरक पडतो. आधी एकच बाई सगळे विषय शिकवायच्या. आता प्रत्येक तासाला वेगळे शिक्षक येतात. मूल ११ ते १४ वर्षांचं असतं, शरीर बदलत असतं, आणि दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवणारी एकच व्यक्ती आता नसते. म्हणून शाळेत कोण कोण आहे, हे पालकांना माहीत असणं इथून पुढे जास्त गरजेचं होतं.

शिकवणारे कोण आहेत?

आरटीईच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी शिक्षकांचे निकष दिले आहेत.

• विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक
• दर ३५ विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक
• पट १०० च्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक, तसंच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक
• वर्षाला किमान २२० दिवस शाळा आणि १००० तास अध्यापन

सहावी ते आठवीला शिकवण्यासाठी पदवीसोबत शिक्षणशास्त्राची पदविका किंवा बीएड लागतं आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर पास व्हावा लागतो. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली.

कागदावर हे नीट दिसतं. पण शिक्षकांची पदं पटसंख्येवर मंजूर होतात. त्याला संचमान्यता म्हणतात. पट घटला की पद जातं. मग मराठीच्या बाईंकडेच विज्ञान येतं किंवा गणिताचा तास रिकामा जातो. "शिक्षक कमी आहेत" एवढ्यावर न थांबता कोणत्या विषयाला शिक्षक नाही आणि ती जागा कधीपासून रिकामी आहे, हे विचारायला हवं. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो टाकून केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर शाळेतले शिक्षक आणि सुविधा यांची माहिती पाहता येते.

आणखी एक गोष्ट. आरटीईच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. वर्गातल्याच सरांचा क्लास लावला नाही तर मार्क कमी पडतील, असं मुलाच्या कानावर येत असेल तर ती तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

जे शिकवत नाहीत, पण रोज मुलांच्या आसपास असतात

शाळेतली माणसं म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर शिक्षकच येतात. शिपाई, सफाई कर्मचारी, वॉचमन, बसचे ड्रायव्हर, खिचडी शिजवणाऱ्या ताई, बाहेरून येणारे खेळाचे कोच यांची नावंही अनेकांना माहीत नसतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं समोर आलं. आरोपी शाळेतला सफाई कर्मचारी होता. पोलिसांनी तक्रार नोंदवायला बराच वेळ लावला, असा पालकांचा आरोप होता. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

त्यानंतर लगेच राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. त्यात शाळेत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांबद्दल सूचना आहेत. गैरप्रकार समजला तर २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं आहे. यातली सखी सावित्री समिती तर मार्च २०२२ च्या शासन निर्णयानेच शाळांना करायला सांगितली होती. तिच्यात शिक्षकांसोबत पालक आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात.

म्हणून "समिती आहे का?" एवढं विचारून भागत नाही. उत्तर बहुतेक "हो" असंच येतं. समितीची शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटी कोण उघडतं, सीसीटीव्हीचं फुटेज कोण पाहतं आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली आहे का, हे विचारलं की खरी परिस्थिती कळते.

शाळेची बस किंवा व्हॅन असेल तर शाळेत परिवहन समिती असावी लागते आणि स्कूलबसमध्ये मुलींसाठी महिला मदतनीस हवी. रिक्षा पालकांनी ठरवलेली असली तरी तिचा नंबर वर्गशिक्षकांकडे असायला हवा.

पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी आम्ही आमच्या पातळीवर चौकशी करतो" असं म्हणत संस्थेच्या प्रमुखाने माहिती दडवली, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नापास, शिक्षा, गृहपाठ, दप्तर: नियम काय सांगतात?

*नापास करतात का?* २०१९ मध्ये आरटीई कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. या परीक्षेत मूल नापास झालं तर जादा मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षेची संधी मिळते. त्यातही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. सहावी आणि सातवीत मात्र मागे ठेवता येत नाही. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढूनही टाकता येत नाही.

*मारलं तर?* कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं करणं किंवा सगळ्यांसमोर अपमान करणं, याबद्दलही पालक याच कलमाचा आधार घेऊन तक्रार करू शकतात.

*दप्तर आणि गृहपाठ?* केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. सहावी-सातवीसाठी ते २ ते ३ किलो आणि आठवीसाठी अडीच ते ४ किलो सांगितलं आहे. गृहपाठ दिवसाला जास्तीत जास्त एक तास. घरच्या काट्यावर एकदा दप्तर तोलून बघा.

*दाखला अडवला तर?* शाळा बदलताना मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

*फी?* खासगी शाळांना महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क नियमन कायदा लागू आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली जाते आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवावा लागतो. २५ टक्के राखीव जागांवर आरटीईतून प्रवेश मिळालेल्या मुलांचं शिक्षण आठवीपर्यंत मोफत असतं. नववीत त्याच शाळेची फी भरायची वेळ येते, तेव्हा अनेक घरांना धक्का बसतो. त्याची तयारी सहावीपासूनच केलेली बरी.

एक अपवाद लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना आरटीई लागू नाही. पोक्सो मात्र सगळ्याच शाळांना लागू आहे.

आरोग्य: गोळी, लस आणि तपासणी

अनेक देशांत लसीकरणाचं कार्ड दाखवल्याशिवाय शाळेत घेत नाहीत. आपल्या आरटीई कायद्यात अशी अट नाही. तरीही या वयात काही गोष्टी वेळेवर व्हायला हव्यात.

*टीडीची लस.* धनुर्वात आणि घटसर्पावरची ही लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. बाळपणीच्या लसी आठवणीने घेणाऱ्या घरांतही १० व्या वर्षीची ही लस राहून जाते. कार्ड काढून बघा.

*निळी गोळी.* ही लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आहे. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना रक्तक्षय होऊ नये म्हणून ती आठवड्यातून एकदा दिली जाते. ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर द्यायची असते. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरायचं कारण नाही. मुलाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शाळेला लेखी कळवा. विदर्भ, नंदुरबार आणि पालघरच्या आदिवासी भागांत सिकलसेलचं प्रमाण जास्त असल्याने तिथे हे विशेष महत्त्वाचं आहे.

*जंताची गोळी.* १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी शाळेत आणि अंगणवाडीत दिली जाते. मूल त्या दिवशी आजारी असेल तर गोळी देऊ नये, हे वर्गशिक्षकांना सांगा.

*शाळेतली तपासणी.* राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येऊन मुलांची तपासणी करतं. दोष आढळला तर पुढचे उपचार मोफत असतात. पण चिठ्ठी दप्तरातच राहिली तर चष्म्याचा नंबर वर्षभर कळत नाही. तपासणी झाली की मुलाला "काय सांगितलं?" हे विचारा.

*जेवण.* पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घ्यायची असते. शाळेच्या आवारात आणि ५० मीटरच्या परिसरात जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला अन्न सुरक्षेच्या नियमांत मनाई आहे.

*पाळी.* बऱ्याच मुलींना याच तीन वर्षांत पहिल्यांदा पाळी येते, कधीकधी शाळेतच. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आरटीईने बंधनकारक केलं आहे. पण तिथे पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, पॅड कुणाकडे मागायचं, हे मुलीला आधीच माहीत हवं. ज्या बाईंकडे ती न लाजता जाऊ शकेल, त्यांचं नाव पालकांनाही माहीत असू द्या.

दमा, फिट येणं, मधुमेह किंवा एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असेल तर वर्गशिक्षकांना एक कागद द्या. त्यावर आजार, औषध, त्रास झाल्यावर काय करायचं आणि दोन फोन नंबर लिहा. विषयाला वेगवेगळे शिक्षक असल्याने तोंडी सांगितलेलं सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

ऐकलं नाही तर कुठे जायचं?

पहिल्यांदा वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. पण लेखी द्या आणि पोच घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथेही विषय मांडता येतो.

त्यानंतर जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जाता येतं. आरटीईच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पुढचं अपील राज्य बालहक्क आयोगाकडे करता येतं.

मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर मात्र या पायऱ्यांची वाट पाहू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर किंवा ११२ लगेच लावा.

पहिल्या पालकसभेत विचारायचे सात प्रश्न

१. कोणत्या विषयाला शिक्षक नाही आणि तोपर्यंत तो तास कोण घेतं?
२. कंत्राटी कर्मचाऱ्यांची आणि बसचालकांची पोलीस पडताळणी झाली आहे का?
३. सखी सावित्री समितीत पालकांपैकी कोण आहे आणि शेवटची बैठक कधी झाली?
४. तक्रारपेटी कोण आणि कधी उघडतं?
५. मुलाला शाळेत बरं वाटलं नाही तर पहिला फोन कोण करतं?
६. आरोग्य तपासणीचा निकाल पालकांपर्यंत कसा येतो?
७. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि पॅडची सोय आहे का?

सातही प्रश्न विचारायला दहा मिनिटंही लागत नाहीत. एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर चार-पाच पालकांनी मिळून विचारा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा यापेक्षा चांगला उपयोग दुसरा नाही.