श्येनपालन

श्येनपालन : शिकारी पक्षी माणसाळवून व त्यांना शिक्षण देऊन त्यांच्याकडून मोकळ्या रानात वन्य पशुपक्ष्यांची शिकार करून घेण्याची कला. संस्कृतात ‘श्येन’ ही संज्ञा ससाणा, बाज यांसारख्या पक्ष्यांना सामान्यपणे लावली जाते. उत्तर भारतात या पक्ष्यांची निगा राखणाऱ्यास ‘बाजदार’ आणि शिकारखान्याच्या प्रमुखास ‘मीरशिकार’ म्हणत. कुत्रा वा घोडा यांच्याप्रमाणे श्येन पक्षी कधीही पूर्णतः पाळीव होत नाही. प्रत्येक उड्डाणाच्या वेळी तो मुक्त असतो व परत येणे न येणे त्याच्या मर्जीवर अवलंबून असते. या कलेचे सारे तंत्र या एका गोष्टीभोवती उभारलेले आहे.

पक्षी : भारतीय बाजदार शिकारी पक्ष्यांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन वर्ग करीत. ‘स्याहचश्म’ म्हणजे काळ्या डोळ्यांचे, लांब व टोकदार पंखांचे पक्षी; यांत बहिरी, शाहीन, चरग, लग्गर व तुरमती हे ससाणे येतात. ‘गुलाबचश्म’ म्हणजे पिवळ्या वा तांबूस डोळ्यांचे, आखूड व गोलसर पंखांचे पक्षी. यांत बाज, बाशा व शिक्रा यांचा समावेश होतो. पहिल्या वर्गातील पक्षी उंच चढून भक्ष्यावर सूर मारतात. सूर मारताना बहिरी ससाण्याचा वेग ताशी ३०० किमी. पेक्षाही अधिक होतो. दुसऱ्या वर्गातील पक्षी थेट हातावरून झेपावून थोड्या अंतराचा वेगवान पाठलाग करतात. म्हणून झाडीच्या प्रदेशात ते उपयुक्त ठरतात. या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी व बलवान असते आणि शिकारीसाठी बहुधा तिलाच पसंती दिली जाते. त्यामुळे प्रचलित नावे मूळची मादीची असून नराला वेगळे नाव असते : बाजाचा नर ‘जुर्रा’, लग्गराचा ‘झगर’, तर शिक्र्याचा ‘चिपका’.

शिक्षण व निगा : हिवाळी स्थलांतराच्या वेळी पकडलेला कोवळा पक्षी शिक्षणास विशेष योग्य मानीत, कारण त्याला शिकारीची ओळख झालेली असते आणि सवयी मात्र पक्क्या झालेल्या नसतात. पक्षी पकडण्यासाठी भारतात ‘बाल-छत्री’ वापरीत. हा लहानसा पिंजरा असून त्यावर केसांचे सरकफास बसविलेले असतात. आतील जिवंत आमिषावर झडप घालणाऱ्या पक्ष्याचे पाय फासांत अडकतात. १९५९ मध्ये दोन अमेरिकन पक्षिवैज्ञानिकांनी या साधनाचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतर, शिकारी पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घालण्याच्या कामी ते जगभर रूढ झाले आणि त्याचे भारतीय नावही टिकून राहिले.

नव्या पक्ष्याच्या पायांत मऊ चामड्याच्या वाद्या व घुंगरू बांधतात आणि काळ्या डोळ्यांच्या पक्ष्याच्या डोक्यावर चामड्याची टोपी चढवितात. अंधारात पक्षी शांत राहतो. बाजदार त्याला तासन्‌तास, पूर्वी तर रात्ररात्र जागून, हातमोजा घातलेल्या मुठीवर वागवितो. माणसाच्या समोर मुठीवरचे मांस खाणे, हा पक्ष्याच्या विश्वासाचा पहिला पुरावा होय. पुढे त्याला लांब दोरी बांधून थोड्या थोड्या अंतरावरून हातावर किंवा फिरविलेल्या पिसांच्या आमिषावर बोलावितात. बोलावणे न चुकता मानले जाऊ लागले, की दोरी सोडतात. शिक्षेला या शिक्षणात स्थान नाही. कारण मारहाणीचा अर्थ या पक्ष्याला कळत नाही, त्याला फक्त भय कळते.

पक्ष्याचे वजन हा शिक्षणाचा कणा होय. भरल्या पोटाचा पक्षी झाडावर बसून राहतो व हाकेला येत नाही. फार रोडावलेला पक्षी दुबळा होऊन मरतो. शिक्र्यासारख्या लहान पक्ष्याच्या बाबतीत काही ग्रॅमांचा फरकही निर्णायक ठरतो. आज यासाठी तराजू वापरतात. जुने बाजदार मात्र छातीच्या हाडालगतचे मांस बोटांनी चाचपून पक्ष्याची अवस्था ओळखीत. न पचलेल्या पिसांची व हाडांची गुठळी पक्षी सकाळी ओकून टाकतो; ती आणि त्याची विष्ठा पाहून त्याच्या प्रकृतीचे निदान केले जाते. मोडलेल्या पिसाच्या जागी जुने जपून ठेवलेले पीस बारीक सुईने वा कामट्याने जोडतात. पिसे झडण्याच्या काळाला ‘कुरीज’ म्हणतात. या काळात पक्ष्याला भरपूर खाऊ घालून विश्रांती देतात.

यामुळे बाजदाराचा दिनक्रम पक्ष्याच्या दिनक्रमाशी बांधलेला असतो. पक्षी दुसऱ्याच्या हाती सोपवून त्याला फार काळ दूर राहता येत नाही. वाऱ्यावर भरकटलेल्या पक्ष्याचा घुंगरांच्या आवाजावरून शोध घेत दिवस काढणे, हा त्याच्या आयुष्यातील नेहमीचा भाग होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या रेडिओ प्रेषकांनी हे काम सुकर केले. ही विद्या ग्रंथांपेक्षा सहवासाने दिली जाते. पिता-पुत्र वा गुरु-शिष्य परंपरा खंडित झाली, की तिचा मोठा भाग नष्ट होतो.

इतिहास : या कलेचा उगम बहुधा मध्य आशियातील गवताळ प्रदेशात वा पश्चिम आशियात झाला असावा. यूरोपात तिला राजाश्रय व प्रतिष्ठा मिळाली. पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रीड्रिख (११९४–१२५०) याने पक्ष्यांच्या साहाय्याने करावयाच्या शिकारीवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. पक्ष्यांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेल्या या ग्रंथात त्याने ॲरिस्टॉटलच्या विधानांनाही आव्हान दिले. टोपीचा वापर आपण अरबांकडून घेतल्याचे तो नमूद करतो.

भारतात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘श्येनविनोद’ हा स्वतंत्र विषय आहे, यावरून बाराव्या शतकात दख्खनमध्येही ही कला परिचित होती, हे स्पष्ट होते. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने सोळाव्या शतकात श्यैनिकशास्त्र हा संस्कृत ग्रंथ रचला. हरप्रसाद शास्त्री यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती कलकत्त्याहून १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. मोगल दरबारात हा शौक शिगेला पोहोचला. आईन-इ-अकबरीमध्ये शिकारी पक्ष्यांच्या किंमती व खुराक यांची नोंद आहे. इराणहून भेट आलेला एक ससाणा मांजराच्या तावडीत सापडून जखमी झाला, तेव्हा जहांगीराने चित्रकार उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचे चित्र काढवून घेतले (सु. १६१९). शीख परंपरेत गुरू गोविंदसिंगांच्या हातावरील बाज हे शौर्याचे प्रतीक असून बाज हा पंजाबचा राज्यपक्षी आहे. संस्थानी काळात सौराष्ट्रातील भावनगर हे या कलेचे नावाजलेले केंद्र होते. तेथील राजघराण्यातील पक्षिवैज्ञानिक धर्मकुमारसिंहजी हे स्वतः जाणकार श्येनपालक होते.

ऱ्हास व संरक्षण : बंदुकीच्या प्रसाराने शिकारीचे साधन म्हणून श्येन पक्ष्याचे महत्त्व कमी झाले आणि संस्थानांच्या विलीनीकरणानंतर भारतातील बाजदारांचा आश्रय संपला. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे देशात वन्य पक्षी पकडणे, बाळगणे व त्यांच्याकरवी शिकार करणे बेकायदेशीर ठरले. ज्यांची उपजीविका पक्षी पकडण्यावर होती, अशा समाजांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. बिहारमधील मीरशिकार समाजातील काही पारध्यांचे कसब मात्र मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याच्या प्रकल्पांत उपयोगात आणले. मारण्यासाठी वा विकण्यासाठी पक्षी धरणारे हात अशा रीतीने, पक्ष्याला इजा न करता धरून सोडून देण्याच्या कामी आले.

श्येनपालनाचा वन्य पक्ष्यांवरील परिणाम दुहेरी आहे. अरबी द्वीपकल्पातील मोठ्या मागणीमुळे चरग ससाण्याची बेसुमार धरपकड झाली. विजेच्या तारांचे धक्के व अधिवासाचा नाश यांचीही त्यात भर पडली. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या जातीचा समावेश संकटग्रस्त वर्गात केला. ससाण्यांकरवी ज्याची शिकार होते, तो हुबारा हा माळढोकाच्या कुलातील पक्षीही विरळ झाला. याउलट बहिरी ससाणा श्येनपालकांच्या ज्ञानामुळे सावरला. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली होती. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस त्याची प्रजनन करणारी जोडी उरली नाही. १९७० मध्ये टॉम केड या श्येनपालक पक्षिवैज्ञानिकाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेने बंदिवासात पिले वाढविली. माणूस दृष्टीस न पडू देता पिलांना उंच जागी खाऊ घालून हळूहळू मोकळे करण्याची श्येनपालकांची जुनी रीत त्यांना रानात सोडण्यासाठी वापरण्यात आली. डीडीटीवरील बंदी (१९७२) आणि हे प्रयत्न यांच्या बळावर १९९९ मध्ये हा पक्षी तेथील संकटग्रस्त जातींच्या यादीतून वगळण्यात आला.

सद्यःस्थिती : यूरोप, अमेरिका व आखाती देशांत आता बहुतांशी बंदिवासात पैदा केलेले पक्षी वापरतात. संयुक्त अरब अमिरातीत ससाण्यांसाठी पारपत्राची पद्धत २००२ पासून सुरू झाली. पश्चिम मंगोलियातील कझाक शिकारी घोड्यावर बसून सुवर्ण गरुडाच्या मादीकरवी हिवाळ्यात कोल्ह्यांची शिकार करतात. काही वर्षे सेवा घेतल्यावर तिला वंशवृद्धीसाठी रानात सोडून देण्याचा प्रघात त्यांच्यात आहे. युनेस्कोने २०१० मध्ये ११ देशांची ही परंपरा मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदविली व २०२१ मध्ये या देशांची संख्या २४ झाली. त्यांत पाकिस्तानचा समावेश झाला, भारताचा नाही. बाल-छत्री व श्यैनिकशास्त्र ज्या भूमीने दिले, तेथे ही कला आता मुख्यतः ग्रंथांत, लघुचित्रांत व मोजक्या वृद्धांच्या आठवणींत उरली आहे. भारतात आज वन्य पक्ष्यांचे रक्षण हेच प्राथमिक कर्तव्य असल्याने तिचे पूर्वीच्या स्वरूपात पुनरुज्जीवन संभवत नाही. तथापि जखमी शिकारी पक्ष्यांना उड्डाणक्षम करून निसर्गात परत सोडण्याच्या कामी बाजदारांच्या ज्ञानाचे मोल कायम आहे.