चाकाआधीचं पाणी

छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला नुसतं ‘पाणचक्की’ म्हटलं तरी भागतं. ‘कोणती?’ असं तो विचारत नाही. खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे ती. खरं तर हे सामान्यनाम; पाण्याच्या जोरावर फिरणारं कुठलंही जातं म्हणजे पाणचक्की. पण आपल्याकडे ते एका ठिकाणाला असं चिकटलं की त्याचं विशेषनाम झालं. बाकीच्या महाराष्ट्रात हा शब्द इतका कमी वापरला जातो की पुष्कळांची पवनचक्कीशी गल्लत होते.

कुमाऊँ-गढवालात याच्या नेमकं उलट. तिथे ‘घट’ किंवा ‘घराट’ म्हटलं की ‘कुठला?’ हे विचारावंच लागतं. नेपाळीत ‘घट्ट’ म्हणतात. संस्कृतात ‘घरट्ट’ म्हणजे जातं, आणि जुन्या मराठीतही मोठ्या जात्याला ‘घरट’ म्हणत. शब्द आपल्याकडेही होता, यंत्र डोंगरातच राहिलं. असं का झालं, याचं उत्तर बरंचसं पाण्यात आहे आणि उरलेलं आपल्या घरांत.

आधी यंत्र पाहू. पाणचक्की म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते युरोपातल्या चित्रांमधलं ओढ्याकाठचं उभं, अवाढव्य लाकडी चाक. ते शोधत दर्ग्यात आलेला पर्यटक हमखास हिरमुसतो, कारण इथलं चाक आडवं असतं, आणि तेही जमिनीखाली, जात्याच्या पायाशी. उंचावरून आलेलं पाणी त्याच्या पात्यांवर आदळतं. चाकाच्या मध्यातून निघालेला आस खालच्या स्थिर दगडातल्या भोकातून वर येतो आणि वरच्या दगडाला धरतो. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. मध्ये दाते नाहीत, गिअर नाहीत. उभ्या चाकाला मात्र फिरण्याची दिशा बदलून दगडापर्यंत न्यायला दातेरी चाकं लागतात. रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हिअसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात आपल्या दहाव्या ग्रंथात तशा चक्कीचं वर्णन केलं आहे. आडव्या चाकाची चक्की अडाणी आणि उभ्याची प्रगत, असं जुने अभ्यासक म्हणत. मला ते पटत नाही. गावातल्या सुताराला एकट्याने घडवता आणि दुरुस्त करता येणारं यंत्र ही काही कमी अक्कल नव्हे.

घराटातली एक युक्ती तर मला फार आवडते. दाण्याची टोपली दगडाच्या वर टांगलेली असते. तिला जोडलेली एक काटकी खाली फिरत्या दगडाला टेकते आणि खडखडत राहते. त्या हादऱ्याने दाणा चिमटीचिमटीने तोंडात पडतो. पाण्याचा जोर वाढला की दगड वेगाने फिरतो, काटकी जास्त हलते, दाणा जास्त पडतो. जोर ओसरला की दाणाही कमी. जात्यात मुठीने वैरण घालणाऱ्या बाईचा अंदाज इथे एका काटकीने उचलला आहे. आस ज्या आडव्या लाकडावर टेकतो ते किंचित वर-खाली केलं की दोन दगडांमधली फट बदलते, आणि पीठ हवं तसं भरड किंवा बारीक येतं.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला पन्नास लिटर पाणी चार मीटर खाली पडलं, तर जवळजवळ दोन हजार वॉट मिळतात. साध्या लाकडी चाकाने त्यातला चौथा हिस्सा पकडला, असं धरू: पाचशे वॉट. माणूस सलग कष्ट करताना साधारण पंचाहत्तर वॉट देतो. म्हणजे असा एक ओढा सहा-सात जणींचं दळण उरकतो, आणि तेही रात्रंदिवस.

हिमालयात हे चार मीटर फुकट मिळतात. बर्फावर आणि झऱ्यांवर पोसलेला ओढा वर अडवायचा, गुलीतून, म्हणजे अरुंद पाटातून, उतारावर आडवा न्यायचा आणि एकदम खाली सोडायचा. आपल्या पठारावरच्या बहुतेक नद्या पावसाळ्यात अंगावर येतात आणि उन्हाळ्यात वाळू दाखवतात. अशा नदीवर चाक बसवलं, तर चार महिने ते वाहून जायची भीती आणि पुढे ते कोरडं पडायची.

म्हणूनच दर्ग्यातली चक्की खामच्या काठावर असूनही खामच्या पाण्यावर फिरत नाही. तिचं पाणी हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालच्या नहरीतून, काही किलोमीटरचा प्रवास करून खापरी नळांनी येतं. या शहराला भूमिगत नहरींची सवय मलिक अंबरने लावली. 1610 मध्ये त्याने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. पुढच्या काळात इथे आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची त्यांपैकीच एक. बंद नळातलं पाणी वाटेतल्या मनोऱ्यांत चढतं, त्यातली हवा निघून जाते, गाळ बसतो आणि पाणी पुढे सरकतं. पुण्याला कात्रजहून पाणी आणणाऱ्या पेशवाई नळावरच्या अशाच मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणतात. दर्ग्यात शेवटी उंच भिंतीवरून पाणी हौदात कोसळतं. हौदाच्या तळाखाली दालन आहे; डोक्यावर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही थंड असतं. बाबा शाह मुसाफिर हे बुखाऱ्याच्या परिसरातून दख्खनेत आलेले नक्शबंदी सूफी. त्यांच्या तकियातले फकीर, विद्यार्थी, वाटसरू यांच्यासाठी इथे पीठ दळलं जाई. एवढ्या खटाटोपात दळण हा पाण्याचा एक उपयोग, आणि तोही बहुधा सर्वांत छोटा. पिणं, वजू, बाग हे सगळं त्याच नहरीवर. नाव मात्र चक्कीला मिळालं.

अशी नहर बांधायला आश्रयदाता लागतो. गावोगाव तो कुठून आणणार? गावातलं दळण घरच्या जात्यावर, पहाटे, बायकांच्या हातांनी होत राहिलं, आणि तो श्रम कुणी मोजत नव्हतं. हेमा रायरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या वाचताना गोडवा जाणवतो, हे खरं. पण तो साठा म्हणजे पाणचक्क्या नसल्याचा पुरावाही आहे.

युरोपात चक्की होती म्हणून सगळं सुखाचं होतं, असं नाही. 1935 मध्ये फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक याने पाणचक्कीवर एक गाजलेला निबंध लिहिला. जमीनदार आपल्याच चक्कीवर दळण आणायची सक्ती करत, दळणावळ घेत, आणि घरातली जाती जप्त करत, हे त्याने दाखवलं. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठाने लोकांची जाती हिसकावून त्यांची फरशी केली होती. 1381 च्या बंडात लोकांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे वाटून घेतले. आपल्याकडच्या जात्यावर अशी जप्ती आली नाही, कारण ज्याच्यासाठी ते जप्त करावं असं दुसरं यंत्रच गावात नव्हतं.

आपल्या बायकांच्या हातातला खुंटा सुटला तो विसाव्या शतकात, तेलाच्या इंजिनावरच्या आणि मग विजेच्या पिठाच्या गिरणीमुळे. त्या विजेतही पाणी होतंच. लोणावळ्याजवळच्या तलावांचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली सोडून टाटांनी 1915 मध्ये खोपोलीला वीज निर्माण केली. ती गेली मुंबईच्या कापड गिरण्यांकडे. नळातून आलेलं पाणी, उंचीवरून पडणं, पात्यांवर आदळणं, फिरता आस: खोपोलीतही सगळं तेच होतं. पण त्या वीजघराला पाणचक्की म्हणावं, असं कुणाला वाटलं नाही. तोवर मराठीत ते नाव खामकाठच्या दर्ग्याचं होऊन गेलं होतं.