हांकेसरशीं उघडणारें घर

महाविद्यालयाच्या संगणक-कक्षांत समजा चाळीस यंत्रें मांडलेलीं आहेत. विद्यार्थी आज खिडकीजवळ बसतो, उद्यां दाराजवळ. तरी कालचा अर्धवट निबंध त्याला दोन्हीकडे सांपडतो. लिनक्समध्यें ज्यास 'होम डिरेक्टरी' म्हणतात, तें त्याच्या कागदपत्रांचें घर या चाळीसांपैकीं एकाही यंत्रांत नसतें. तें मध्यवर्ती सर्व्हरवर असतें, आणि सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ सालीं सिद्ध केलेल्या एन.एफ.एस. या पद्धतीनें समोरच्या यंत्रास जोडलें जातें.

सगळीं घरें यंत्र सुरू होतांनाच जोडून ठेवतां येतात. पण सर्व्हर बंद असला तर तेथेंच सारें अडखळतें. म्हणून 'ऑटोएफएस' नांवाचा पहारेकरी नेमतात. त्याच्या मुख्य वहींत, 'ऑटो.मास्टर'मध्यें, एवढेंच लिहावयाचें कीं '/होम' या जागेची व्यवस्था अमुक दुसऱ्या वहींत पाहावी. त्या वहींत एकच ओळ पुरते: डावीकडे *, म्हणजे कोणतेंही नांव; उजवीकडे सर्व्हरचा पत्ता व शेवटीं &, म्हणजे मागितलेलें तेंच नांव. विद्यार्थी हजार असले तरी ओळ एकच! कोणी आंत आला कीं त्याचें तेवढें घर जोडलें जातें. ठराविक वेळ वापर झाला नाहीं कीं सुटतें. नवखा मनुष्य '/होम' उघडून पाहतो तों तें रिकामें, आणि त्याच्या छातींत धस्स होतें. पण नांव घेतल्यावांचून तेथें कांहींच प्रकट होत नाहीं. शिवाय यंत्राच्या स्थानिक व्यवस्थापकाचें घर त्याच जागीं असेल तर तें झांकलें जातें. तें अन्यत्र ठेवावें.

खरी जोखीम निराळीच आहे. साध्या पद्धतींत सर्व्हर मनुष्याला नांवानें नव्हे, क्रमांकानें ओळखतो. आणि समोरचें यंत्र सांगेल तो क्रमांक खरा मानतो. एका यंत्रावर १००१ हा क्रमांक एका विद्यार्थिनीचा व दुसऱ्यावर भलत्याच विद्यार्थ्याचा असेल, तर तो तिचे कागद वाचूं शकेल, पुसूंही शकेल. आणि कोठेंही चूक झाल्याची सूचना उमटणार नाहीं. म्हणून एल्‌डॅपसारख्या एकाच ठिकाणीं सर्वांची नोंद आधीं करावी, जोडणी मागाहून. तरीहि एखाद्या यंत्राचा सर्वाधिकार ज्याच्या हातीं, तो वाटेल तो क्रमांक धारण करूं शकतो. तेथें कर्बरॉसच घ्यावें लागतें. त्यांत ओळख पुराव्यानिशीं पटवावी लागते.

सर्व्हर मध्येंच थांबला तर 'हार्ड' जोडणी तो परत येईपर्यंत वाट पाहते. 'सॉफ्ट' जोडणी चूक कळवून मोकळी होते, आणि लिहिलेलें हरवूं शकतें. घरासाठीं हार्डच बरी, मग पडदा गोठलेला पाहून कोणी चिडलें तरी चालेल.