घोणशीचें विष आणि आपलें रक्त

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तळोदा-अक्कलकुव्याकडे, पावसाळ्यांत शेतीं राबणारांस घोणशीचें भय नवें नाहीं. दंशानंतर कित्येकांच्या हिरड्यांतून रक्त वाहूं लागतें व तें थांबत नाहीं. विषानें रक्त पातळ केलें, असें आपण म्हणतों. परंतु प्रकार प्रथम अगदीं उलट घडतो.

रक्तांतील गोठविणारीं द्रव्यें एरवीं निद्रिस्त असतात. जखम होतांच एक दुसऱ्यास जागें करितें, दुसरें तिसऱ्यास, आणि अखेरीस तंतूंचें जाळें विणलें जातें. हें कार्य रक्तांतील सूक्ष्म कणिकांच्या स्निग्ध पृष्ठभागावर चालतें. घोणशीचें विष मध्येंच शिरून पांचव्या व दहाव्या द्रव्यांस एकदम चेतवितें. मग जखम नसतांहि जागोजाग बारीक गुठळ्या होतात आणि सारा सांठा खर्चीं पडतो. शिवाय विषांतील दुसरें एक द्रव्य तो स्निग्ध थरच कुरतडतें. मौज अशी कीं, रक्तस्रावी रोग्यांचें रक्त थांबविण्यास याच विषाचा अतिसौम्य द्राव १९३४ सालीं इंग्लंडांत मॅकफार्लेन व बार्नेट यांनीं वापरला!

दवाखान्यांत रोग्याचें थोडें रक्त कोऱ्या, कोरड्या कांचनळींत २० मिनिटें न हलवितां ठेवितात. नळी कलती करतां तें पातळच वाहिलें, तर विष भिनलें. उपाय एकच, घोड्यांच्या रक्तापासून केलेलें प्रतिविष. मुंबईचें हाफकिन हें नांव त्यासाठीं प्रसिद्ध आहे. मांत्रिकाच्या दारीं गेलेल्या प्रत्येक घटकेंत तो सांठा रिता होत असतो. प्रतिविष दिल्यावरहि नवीं द्रव्यें घडविण्यास यकृतास वेळ लागतो. म्हणून सहा तासांनीं नळीची परीक्षा पुनः करितात.