बालकांची रात्रीची पायदुखी : घरगुती उपाय आणि आवश्यक दक्षता

दिवसभर खेळून झोपी गेलेले सहा-सात वर्षांचे मूल मध्यरात्री पाय दुखतात म्हणून रडत उठते. आई-वडील पोटऱ्या चेपून देतात, थोड्या वेळाने मूल पुन्हा झोपते आणि सकाळी काहीच घडले नसल्याप्रमाणे धावू लागते. हा अनुभव असंख्य कुटुंबांना येतो. वैद्यकशास्त्रात या दुखण्याला ‘ग्रोइंग पेन्स’ अर्थात वाढीच्या वेदना असे संबोधले जाते. साधारणतः ३ ते १२ वर्षे वयाच्या मुलामुलींमध्ये हा त्रास आढळतो. ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया प्रांतात ४ ते ६ वर्षांच्या बालकांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३७ टक्के बालकांना असा त्रास असल्याचे दिसून आले होते.

नाव प्रचलित, कारण अनिश्चित

‘हाडे वाढतात म्हणून पाय दुखतात’ हा समज आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. मात्र वाढीचा वेग सर्वाधिक असतो तो जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात आणि त्यानंतर पौगंडावस्थेत. हे दुखणे प्रामुख्याने या दोन्हींच्या मधल्या काळात उद्भवते. शिवाय हाडे ज्या टोकांशी वाढतात तेथे ते जाणवत नाही. पोटऱ्या, नडग्या, मांड्या आणि गुडघ्यांची मागील बाजू या ठिकाणी जाणवते. दिवसभराच्या धावपळीने स्नायूंवर येणारा ताण, सांध्यांची अधिक लवचिकता अथवा वेदना लवकर जाणवण्याची प्रवृत्ती ही संभाव्य कारणे मानली जातात. परंतु निश्चित कारण अद्याप सिद्ध झालेले नाही.

कारण सापडत नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. ‘शाळा चुकवण्याचे निमित्त’ अशा शब्दांत मुलाची तक्रार उडवून लावणे अयोग्य होय. तू चांगला आहेस, हे दुखणे थोड्या वेळात थांबेल, असा धीर देणे हा उपचाराचाच एक भाग आहे.

घरी काय करावे?

दुखऱ्या भागाला हलक्या हाताने चोळणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्यासाठी खोबरेल, तिळाचे किंवा घरात उपलब्ध असलेले कोणतेही सौम्य तेल चालते. आराम मिळतो तो मुख्यतः चोळण्याने. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून शेक देता येतो. पिशवी आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी आणि मूल झोपी जाताच ती काढून घ्यावी, कारण बालकांची त्वचा चटकन भाजते.

झोपण्यापूर्वी स्नायू ताणण्याचे सोपे व्यायाम नियमित केल्यास हा त्रास कमी होऊ शकतो. मुलाला उताणे झोपवावे, गुडघा सरळ ठेवून टाच तळहातात धरावी आणि पाऊल हळूहळू नडगीच्या दिशेने वळवून वीस अंक मोजेपर्यंत स्थिर ठेवावे. यामुळे पोटरी ताणली जाते. त्यानंतर मुलाला पालथे झोपवून गुडघा वाकवावा आणि टाच कुल्ल्याकडे न्यावी. यामुळे मांडीचा पुढील भाग ताणला जातो. मूल दुखते म्हणाले की लगेच थांबावे. खेळ बंद करण्याची आवश्यकता नसते.

त्रास अधिक असल्यास डॉक्टरांनी मुलाच्या वजनानुसार ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देता येते. बाजारात या औषधाची पाच मिलिलिटरमध्ये १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा भिन्न तीव्रतेची सिरप मिळतात, तर थेंबांची तीव्रता त्याहूनही अधिक असते. त्यामुळे बाटलीवरील मजकूर वाचल्याशिवाय औषध मोजू नये. मुलांना ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नये. १२ वर्षांखालील बालकांसाठी निमेसुलाइडच्या वापरावर भारत सरकारने २०११ मध्ये बंदी घातली आहे. घरात उरलेली मोठ्यांची गोळी तोडून देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सकाळी काय पाहावे?

वाढीच्या वेदना बहुधा दोन्ही पायांत असतात, अधूनमधून येतात आणि सकाळपर्यंत नाहीशा होतात. चोळल्यावर मुलाला बरे वाटते. याउलट मूल दुखऱ्या भागाला हातही लावू देत नसेल, तर सावध व्हावे. सतत एकाच पायात दुखणे, सकाळीही लंगडणे, सांध्याला सूज किंवा लाली, ताप, वजन घटणे, फिकटपणा, अंगावर विनाकारण निळसर डाग यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे. अशा दुखण्यामागे हाडांतील जंतुसंसर्ग, संधिवात अथवा क्वचित रक्ताचा कर्करोगही असू शकतो.

भारतात आणखी दोन शक्यता ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाची. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षे वयोगटातील सुमारे १८ टक्के बालकांमध्ये हा अभाव आढळला होता. पाय धनुष्याकृती वाकणे किंवा मनगटे रुंद होणे ही मुडदूस या विकाराची लक्षणे होत. दुसरी शक्यता सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची. विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात आणि ओडिशाच्या आदिवासीबहुल भागांत हा विकार विशेषत्वाने आढळतो आणि त्यात हाडांमध्ये तीव्र वेदना होतात. त्याच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू करण्यात आले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीचा समावेश आहे. कुटुंबात हा विकार असल्यास ‘वाढीचे दुखणे’ असे गृहीत न धरता मुलाची रक्ततपासणी करून घ्यावी.

पालकांनी एका वहीत तारीख, वेळ, कोणता पाय दुखला आणि सकाळी मूल कसे चालले याची नोंद ठेवावी. डॉक्टरांना निदानासाठी ती उपयुक्त ठरते. बहुतांश मुलांचा हा त्रास वयानुसार आपोआप थांबतो. तोपर्यंत रात्री मायेने पाय चेपावेत आणि सकाळी मुलाच्या चालण्याकडे बारकाईने लक्ष द्यावे.