जुळ्या कोकरांचं जनुक आणि धनगराचा वाडा

काश्मीरच्या कृषी विद्यापीठातल्या जनुक-संपादित मेंढीची मे २०२५ मध्ये देशभर वाहवा झाली. मायोस्टॅटिन जनुकात बदल केल्याने तिचे स्नायू ३० टक्क्यांनी वाढतील, असा शास्त्रज्ञांचा दावा आहे. कौतुक रास्तच. पण मेंढीच्या जनुकावर महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधी काम झालं, आणि माझ्या मते ते अधिक मोलाचं आहे.

आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोल मेंढी वजनाला जेमतेम १०-१५ किलो, पण तिला जुळी-तिळी सहज होतात. हा गुण दख्खनीत आणण्याचं काम फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी हाती घेतलं. गुणाचं मूळ ‘फेक-बी’ जनुकात आहे. डीएनएमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, हे २००१ मध्ये उलगडलं. या बदलामुळे बीजांडकोशातल्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजाला जास्त बीजांडं सुटतात.

गारोलशी संकर केला की तिचा बुटकेपणाही येतो. म्हणून संकरित पिढ्या पुन्हा दख्खनीशी जुळवल्या आणि रक्ततपासणीतून जनुक असलेली जनावरं तेवढी निवडली. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा कळपात सोडला, की त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळतेच.

खरी कसोटी मात्र वाड्यावर लागते. जुळं झालं तर मेंढीला दूध पुरेल का? दिवसभर चालणाऱ्या कळपामागे अशक्त कोकरू कोण वाहील? धनगरणीचे हे प्रश्न प्रयोगशाळेतल्या कुठल्याही प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत. मेंढीकडे दोन्ही प्रती असल्या तर तिळी होण्याचा संभव वाढतो आणि कोकरं हलकी निपजतात. मेंढपाळाला एका प्रतीची मेंढीच परवडते. ‘नारी’ने या मेंढ्या मेंढपाळांच्या कळपांत नेऊन पारखल्या, हे त्या संशोधनाचं मोठेपण.

नागपूरच्या जरीपटक्यात रविवारी मटण घेणाऱ्यालाही या कामाशी देणंघेणं आहे, कारण मटणाची सुरुवात कोकरू जगण्यापासून होते. राज्याचं पशुविज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे. या विद्यापीठाने जनुक तपासलेले मेंढे, रक्ततपासणीची सोय आणि गाभण मेंढीचा खुराक विदर्भातल्या धनगर-कुरमारांच्या दारापर्यंत पोहोचवावा. नव्या मेंढीच्या घोषणेआधी हे व्हायला हवं.